कप्पा नसलेली गाणी

कवीला रेडिओवर बोलायला बोलावलं की ऐकणाऱ्याच्या मनात पहिली धास्ती ही असते, की हा आता आपल्या कविता ऐकवणार. निर्धास्त असा. आज मी कविता वाचणार नाही. आज मला एका कॅसेटविषयी बोलायचं आहे. कॅसेट इंग्रजी गाण्यांची, गाणारा बँड मुंबईचा, आणि ऐकणारा मी, म्हणजे पनवेलचा, मराठीत कविता लिहिणारा एक मुसलमान. यात कशाचा कशाशी संबंध, असं तुम्ही म्हणाल. मलाही तो संबंध बरीच वर्षं लागला नव्हता. गेल्या पावसाळ्यात लागला, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मी बेलपाड्याला राहतो. पूर्वी हे नाव सांगितलं की पुढे 'पनवेल तालुका, खारघरजवळ' अशी पुरवणी जोडावी लागायची. नोव्हेंबर २०२३ मध्ये नवी मुंबईची मेट्रो सुरू झाली आणि आमच्या गावाच्या नावाचं एक स्टेशन झालं. आता दिवसातून कितीतरी वेळा कुणीतरी अनोळखी आवाज 'बेलपाडा' म्हणतो आणि दरवाजे उघडतात. गावाला मात्र त्याचं फार काही वाटत नाही. चारी बाजूंनी टॉवर, मध्ये जुनी आगरी घरं, अंगणात सुकत घातलेली मासळी आणि दारात मोटारसायकली, असं आमचं गाव आहे.

तर गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी गावातली तीन पोरं माझ्याकडे आली. त्यांचा बँड आहे. एकाच्या वडिलांना साडेबारा टक्के योजनेत मिळालेल्या भूखंडावर इमारत उभी राहिली, तिच्या तळमजल्यावरचा एक गाळा भाड्यानं जायचा राहिलाय, तिथे हे वाजवतात. एक जण तळोज्याच्या कारखान्यात कामाला, एक टॅक्सी चालवतो, धाकटा कॉलेजात. ड्रमचा संच जुना घेतलेला. शेजारच्या टॉवरमधून तक्रारी येतात, म्हणून रात्री नऊनंतर शटर खाली ओढून वाजवतात.

मोठा म्हणाला, "चाचा, आम्हाला एक गाणं लिहून द्या."

"कशावर?"

"गावावर. आपल्या शेतांवर, जी गेली त्यांच्यावर. पण हिंदीत लिहा."

"हिंदीत का रे?"

"मराठीत रॉक कोण ऐकणार, चाचा? आणि तुम्हाला तर उर्दू येत असेलच. दोन-चार शब्द उर्दूतले टाकले की गाण्याला वजन येतं."

मी त्यांना चहा दिला आणि विचार करून सांगतो म्हणालो. ती पोरं वाईट बोलली नव्हती. उलट आदरानं बोलली होती. तरी रात्री मला झोप लागेना. पोटमाळ्यावर एक पत्र्याची पेटी आहे, ती खाली काढली. तिच्यात तळाशी ती कॅसेट होती. डबीला तडा गेलेला, आतला कागद पिवळा पडलेला. वाजवायला घरात यंत्र नाही. नुसती हातात धरून बसलो.

ही कॅसेट मी १९९० साली घेतली. तेव्हा मी पनवेलच्या कॉलेजात मराठी घेऊन बी. ए. करत होतो. माझे एक मामू बोटीवर खलाशी होते. त्यांनी बाहेरून एक टू-इन-वन आणला होता आणि त्याबरोबर इंग्रजी गाण्यांच्या पाच-सहा कॅसेटी. घरात अब्बांना ते आवडायचं नाही. ते तलत महमूद आणि सुधीर फडके यांच्या बाहेर फारसे जात नसत. मी मात्र आवाज बारीक करून, कान त्या जाळीला लावून, रात्र रात्र ऐकायचो. अर्ध्या ओळी कळत नव्हत्या. गिटारचा तो खरखरीत, ओरबाडणारा आवाज मात्र कळायचा. भाताच्या मळणीयंत्राशेजारी उभं राहिलं की छातीत जसं काही थरथरतं, तसं ते थरथरायचं.

मग कॉलेजातल्या एका मित्राकडून कळलं, की असं गाणारी पोरं आपल्या मुंबईतच आहेत. बँडचं नाव रॉक मशीन. १९८४ मध्ये सुरू झालेला. सुरुवातीला तेही इतरांसारखे परदेशी बँडची गाणी वाजवायचे. त्या काळी रिवाजच तसा होता. गावचा ऑर्केस्ट्रा जसा हुबेहूब किशोरकुमार काढणाऱ्याला टाळ्या देतो, तशाच टाळ्या मुंबईत हुबेहूब परदेशी गाणं काढणाऱ्याला मिळायच्या. स्वतःचं गाणं म्हणायला लागलं की श्रोते चुळबुळ करायचे. अशा वेळी १९८८ मध्ये या पोरांनी स्वतः रचलेल्या गाण्यांचा आल्बम काढला, 'रॉक एन रोल रेनेगेड'. दोन वर्षांनी दुसरा, 'द सेकंड कमिंग'. उदय बेनेगल गाणारा, गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बेस गिटारवर मार्क सेल्विन, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया. नुसती आडनावं वाचली तरी मुंबईच्या बेस्ट बसमध्ये बसल्यासारखं वाटतं.

त्यांना प्रत्यक्ष ऐकलं ते धोबीतलावच्या रंगभवनात. तिथे १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' नावाचा मेळावा भरायचा. पनवेलला तेव्हा मुंबईची लोकल नव्हती, ती आली १९९८ मध्ये. एसटीनं गेलो. अंगात काळा टी शर्ट नव्हता, केस लांब नव्हते, इंग्रजी बोलता येत नव्हतं. उघड्या आकाशाखाली दगडी पायऱ्यांवर एका कोपऱ्यात उभा राहिलो. शेजारचा मुलगा मला धक्का देऊन हसला आणि नाचायला लागला. मी नाचलो नाही, पण परत येताना एसटीत खिडकीच्या गजावर बोटांनी ठेका धरून बसलो होतो, तो थेट पनवेलच्या स्टँडपर्यंत.

त्याच सुमारास फोर्टातल्या एका दुकानात कॅसेट घ्यायला गेलो. दुकानात कप्पे होते. हिंदी चित्रपट, गझल आणि कव्वाली, मराठी, भक्तिगीतं, इंग्रजी. मी रॉक मशीन मागितलं. मालकानं इंग्रजीच्या कप्प्यात बघितलं, नव्हतं. हिंदीत असणं शक्य नव्हतं. शेवटी गल्ल्याशेजारच्या एका खोक्यात, सुट्या कॅसेटींच्या ढिगात सापडली. ती माझ्या हातात देत तो म्हणाला, "याला कुठे ठेवायची तेच कळत नाही. धड त्यांची नाही, धड आपली नाही."

श्रोतेहो, ते वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. पण तेव्हा मला ते फक्त त्या कॅसेटबद्दल आहे असं वाटलं होतं.

आता थोडं बाजाराविषयी. १९९० हेच वर्ष घ्या. त्या वर्षी 'द सेकंड कमिंग' आला आणि त्याच वर्षी 'आशिकी' आला. नदीम-श्रवण यांचं संगीत, टी-सीरिजची कॅसेट. ती लाखोंनी खपली. पानाच्या टपरीवर, एसटीच्या थांब्यावर, लग्नाच्या मांडवात तीच. कॅसेटनं त्या दहा वर्षांत आपल्याकडे मोठी उलथापालथ केली होती. त्याआधी तबकड्या होत्या, त्या महाग, आणि धंदा एका-दोन मोठ्या कंपन्यांच्या हाती. कॅसेट स्वस्त पडायची आणि छोटा माणूसही ती काढू शकायचा. म्हणूनच आपल्याकडे कोळीगीतं, लोकगीतं, देवाची गाणी घरोघर गेली. मग या स्वस्ताईचा फायदा मुंबईच्या रॉक बँडला का झाला नाही?

मला वाटतं, त्याचं उत्तर त्या दुकानदाराच्या खोक्यात होतं. कोळीगीताची कॅसेट मराठीच्या कप्प्यात बसते आणि तिथे तिचं गिऱ्हाईक तिला शोधत येतं. रॉक मशीनची कॅसेट इंग्रजीच्या कप्प्यात ठेवली, तर तिची गाठ थेट परदेशातल्या मोठमोठ्या बँडशी. त्यांच्यामागे जगभरची जाहिरात, मोठे स्टुडिओ, वर्षानुवर्षांचं नाव. इंग्रजी गाणी ऐकणारा मुलगा खिशातले पैसे चाचपून बघायचा आणि परदेशी कॅसेट उचलायचा. जो इंग्रजी ऐकत नाही तो त्या कप्प्यासमोर उभाच राहायचा नाही. म्हणजे गाणं कसं आहे हा प्रश्न येण्याआधीच निकाल लागलेला.

१९९१ मध्ये उपग्रह वाहिन्या आल्या आणि वाटलं, आता चित्र बदलणार. एमटीव्ही आमच्या पनवेलातही केबलवर दिसू लागलं. 'टॉप ऑफ द रॉक' आणि 'प्रिटी चाइल्ड' या त्यांच्या गाण्यांचे व्हिडिओ तिथे लागायचे. परदेशी चेहऱ्यांच्या रांगेत मध्येच आपल्या मुंबईची पोरं दिसली की मी आतल्या खोलीत जाऊन अम्मीला हाक मारायचो. ती बघायची आणि म्हणायची, "केस केवढे वाढवलेत, आई काही बोलत नाही का यांची?"

१९९३ मध्ये त्यांनी नाव बदललं. रॉक मशीनचं झालं इंडस क्रीड. इंडस म्हणजे सिंधू नदी, क्रीड म्हणजे श्रद्धा किंवा पंथ. आपण इथले आहोत हे नावातच सांगायचं होतं. ते वर्ष मुंबईला कसं उजाडलं होतं, हे माझ्या वयाच्या श्रोत्यांना सांगायला नको. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधली दंगल, मग मार्चमधले बॉम्बस्फोट. त्या वर्षी आपलं नाव काय आणि आपण कुठले, हा प्रश्न माझ्यासारख्याला रोज विचारला जात होता. बँडला तो विचारला जाणं आणि मला विचारला जाणं यात फरक आहे, हे मला कळतं. पण नाव बदलल्याची बातमी वाचली तेव्हा मी थोडा वेळ गप्प बसलो होतो, एवढं खरं.

१९९५ मध्ये 'इंडस क्रीड' याच नावानं त्यांचा तिसरा आल्बम आला. 'ट्रॅप्ड' हे गाणं त्यातलंच. रॉक ऐकणाऱ्यांनी त्याची तारीफ केली. आणि पुन्हा बघा, त्याच वर्षी अलिशा चिनॉयचा 'मेड इन इंडिया' आला. संगीत बिड्डू यांचं. नाव इंग्रजी, ओळी बहुतेक हिंदी. त्यानं बाजार असा काही जिंकला की त्या प्रकाराला 'इंडीपॉप' हे नावच पडलं आणि दुकानात एक नवा कप्पा तयार झाला. पुढच्या वर्षी हरिहरन आणि लेस्ली लुईस यांचा 'कलोनियल कझिन्स' आला, तोही चालला. तोवर संगीत वाहिन्यांना कळून चुकलं होतं की या देशात हिंदीशिवाय धंदा नाही. चॅनल व्ही आणि एमटीव्ही दोघंही हिंदीकडे वळले. ज्या खिडकीतून इंडस क्रीड घराघरांत दिसत होता, ती खिडकीच दुसरीकडे वळली. १९९७ मध्ये बँड थांबला. उदय बेनेगल आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले.

लोक म्हणाले, इंग्रजीत गात होते ना, मग दुसरं काय होणार? हिंदीत गायले असते तर तरले असते.

इथे मला माझी स्वतःची गोष्ट सांगावी लागेल. कारण तोच सल्ला मलाही मिळत होता.

आमच्या घरात कोकणी मुसलमानांची बोली बोलतात. ती मराठीचीच बहीण. मी शाळा मराठीतून शिकलो, कॉलेजात मराठी घेतली. उर्दू मी पुढे मदरशातल्या एका मौलवीसाहेबांकडून आणि वर्तमानपत्रातून शिकलो. वाचता येते, पण कविता तिच्यात सुचत नाही. मला शब्द सुचतो तो खाजणाचा, आवणीचा, उधाणाचा. १९९६ मध्ये माझा पहिला संग्रह निघाला. पाचशे प्रती. महिनाभरानं एका पुस्तकाच्या दुकानात गेलो, म्हटलं बघावं कुठे ठेवलाय. कवितांच्या कप्प्यात नव्हता. शोधता शोधता सापडला तो धार्मिक पुस्तकांच्या शेजारी, नमाजाच्या पुस्तिकांना टेकून. आत भाताची शेतं, खाडी आणि एका एसटी कंडक्टरवरची कविता. दुकानातल्या मुलानं मुखपृष्ठावरचं नाव वाचलं आणि कप्पा ठरवला. मी त्याला दोष देत नाही. त्याला दिवसाला शंभर पुस्तकं लावायची असतात.

संपादक मंडळींचं वेगळंच होतं. १९९३ नंतर माझ्याकडून कविता मागवल्या जायच्या त्या एकाच विषयावर. तुमच्या समाजाची वेदना लिहा, म्हणायचे. वेदना होतीच, लिहिलीही. पण मी आवणीवर कविता पाठवली की ती साभार परत यायची. शेख महंमद श्रीगोंद्याचे, सतराव्या शतकात त्यांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला. शाहीर अमर शेख संयुक्त महाराष्ट्राच्या सभा आपल्या आवाजानं भारून टाकायचे. एवढी वाट आधी कुणी चालून गेलेलं असताना, मला मात्र प्रत्येक नाक्यावर पास दाखवावा लागत होता.

मग १९९७ मध्ये एका कॅसेटवाल्यानं मला गाठलं. म्हणाला, कव्वाल्या लिहून द्या, हिंदी-उर्दूत, पैसे रोख. अब्बांचं तेव्हा डोळ्यांचं ऑपरेशन करायचं होतं. मी दोन वर्षं लिहिल्या. तीसेक लिहिल्या असतील. चाल आधी यायची, त्यात शब्द भरायचे. कॅसेटी खपल्या. उरुसात, ट्रकमध्ये मी त्या वाजताना ऐकल्या आहेत. डबीतल्या कागदावर माझं नाव नव्हतं, त्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही, उलट बरंच वाटलं. अब्बांचे डोळे मात्र नीट झाले. त्यामुळे बाजारासाठी लिहिणं म्हणजे पाप, असं मी कधीही म्हणणार नाही. ज्याच्या घरात ऑपरेशन थांबलेलं नसतं, त्यानं ते म्हणावं.

पण एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. त्या तीस कव्वाल्यांतली एकही ओळ मला आज पाठ नाही. पाचशे प्रतींतल्या कविता पाठ आहेत. त्या दोन वर्षांत मी मराठीत एकही कविता लिहिली नाही, आणि नंतर लिहायला बसलो तेव्हा ती सहजी परत आली नाही. आणखी तीन वर्षं गेली.

त्या कोरड्या वर्षांतच, २००० मध्ये, दिल्लीच्या 'इंडियन ओशन' या बँडचा 'कंदिसा' हा आल्बम आला. त्याचं शीर्षकगीत अरामी भाषेत आहे. केरळच्या सीरियन ख्रिस्ती लोकांच्या प्रार्थनेतलं. विचार करा, आपल्याकडे किती लोकांना अरामी कळत असेल? तरीही तो आल्बम देशभर गाजला. मी तो ऐकला आणि इतके दिवस लोक जे सांगत होते, की भाषा कळली नाही म्हणून रॉक मशीन चाललं नाही, त्यावरचा माझा विश्वास उडाला. लोक न कळणाऱ्या भाषेतलंही ऐकतात. आपल्या मराठी प्रेक्षकानं तर त्याच्याही आधी, १९७८ मध्ये, 'तीन पैशाचा तमाशा' डोक्यावर घेतला होता. पु. ल. देशपांडे यांचं रूपांतर, जब्बार पटेल यांचं दिग्दर्शन, आणि त्यात अंकुशच्या भूमिकेत नंदू भेंडे, म्हणजे अस्सल रॉक गायक. मराठी रंगमंचावर रॉकचा आवाज घुमला आणि कुणी उठून गेलं नाही.

मग अडलं कुठे? मी या प्रश्नाचा बरीच वर्षं विचार केला आहे आणि माझ्यापुरतं उत्तर असं आहे. गाणं श्रोत्यापर्यंत पोहोचायला एक रस्ता लागतो. दुकानातला कप्पा, वाहिनीवरची वेळ, वाजवायला मंच, आणि एक आल्बम कमी खपला तरी दुसरा काढू देणारा कुणीतरी. यातलं काही तुटलं की गाणं पडतं, आणि पडल्यावर सगळे भाषेकडे बोट दाखवतात. कारण भाषेला दोष देणं सोपं असतं. रंगभवन शांतता क्षेत्रात आलं आणि तिथला आवाज बंद झाला. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं. यात इंग्रजीचा काय दोष? आणि आमच्या कवितेच्या पाचशे प्रती पलंगाखाली पडून राहतात, त्यात मराठीचा काय दोष?

मुंबईच्या त्या पोरांना इंग्रजीतच गाणं सुचत होतं. ती त्यांची उसनी भाषा होती असं मला कधी वाटलं नाही. ज्या शहरात ती वाढली, त्या शहरात इंग्रजीही राहते, जशी माझ्या नावाच्या घरात मराठी राहते. तुमची खरी भाषा कोणती, असं त्यांना विचारणं आणि तुम्ही उर्दूत का लिहीत नाही, असं मला विचारणं, हे एकच आहे. दोन्हीकडे कप्पा आधी ठरलेला आहे आणि माणूस त्यात बसवायचा आहे.

इंडस क्रीडची गोष्ट तिथेच संपली नाही. २०१० मध्ये ते पुन्हा एकत्र आले. उदय बेनेगल, महेश तिनईकर, झुबिन बालापोरिया हे जुने, आणि रुशाद मिस्त्री, जय रो कवी हे नवे. २०१२ मध्ये त्यांनी नवा आल्बम काढला, 'इव्हॉल्व्ह'. आधीच्या आल्बमनंतर सतरा वर्षांनी. आणि पुन्हा इंग्रजीतच. कॅसेट तोवर संपली होती, सीडीही संपत आली होती. आता दुकानात जाऊन कप्पा शोधायचाच नव्हता. माझ्या पुतण्यानं मला तो मोबाइलवर ऐकवला. आवाज पोक्त झाला होता, घाई कमी झाली होती. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसांनी पंचविशीतल्या गाण्याची नक्कल केली नव्हती. मला ते फार आवडलं. त्यानं लाखोंचा धंदा केला नसेल. पण सतरा वर्षांनी परत येऊन माणूस त्याच भाषेत बोलतो, तेव्हा ती भाषा त्याची होती की उसनी, हा वाद मिटतो.

तर, गेल्या पावसाळ्यात ती कॅसेट हातात धरून बसलो होतो, तिथे परत येतो.

दुसऱ्या दिवशी मी त्या पोरांच्या गाळ्यात गेलो. त्यांना कॅसेट दाखवली. धाकट्यानं ती उलटसुलट करून बघितली, भोकात बोट घालून फिरवली. मी त्यांना जे आत्ता तुम्हाला सांगितलं तेच थोडक्यात सांगितलं. मोठा म्हणाला, "म्हणजे चाचा, ते इंग्रजीत गायले म्हणून बुडाले, आणि तुम्ही म्हणताय आपण मराठीत गाऊन बुडायचं?"

सगळे हसले. मीही हसलो. प्रश्न बरोबर होता. मी म्हणालो, "बुडायचं की तरायचं ते मला सांगता येत नाही. हिंदीत गायलात तर चार लोक जास्त ऐकतील, कदाचित. पण तुमच्या आजोबांचं शेत गेलं ते कोणत्या भाषेत गेलं? त्या शेताच्या बांधाला तुमच्या घरात जे म्हणतात, त्याला हिंदी शब्द मला माहीत नाही. तुम्हाला आहे का?"

कुणी बोललं नाही. मग टॅक्सीवाला म्हणाला, "आमच्या आजीला विचारायला पायजे. तिला सगळी शेतांची नावं पाठ आहेत."

आम्ही आजीकडे गेलो. म्हातारीनं तासभर एकेका शेताचं नाव सांगितलं. कोणत्या शेतात पाणी साठायचं, कुठे भूत होतं, कुठे तिची नणंद साप चावून गेली. त्या जागेवर आता काय उभं आहे तेही ती सांगत होती. हे दुकान, ती शाळा, तो चौक. मी लिहून घेतलं. गाणं मी रचलं म्हणणं खोटं होईल. म्हातारीनं सांगितलेली नावं मी ओळीनं लावली आणि मधे मधे चार शब्द घातले. भाषा आगरी. माझी चूक दिसली की पोरं दुरुस्त करायची.

हिवाळ्यात गावच्या सार्वजनिक पूजेच्या रात्री ऑर्केस्ट्रा होता. तो सुरू व्हायच्या आधी या पोरांना एक गाणं वाजवायची परवानगी मिळाली. समोर पन्नासेक माणसं असतील, त्यात लहान मुलं जास्त. ड्रम सुरू झाला तेव्हा पुढच्या बायकांनी कानांवर हात ठेवले. मग शेतांची नावं सुरू झाली. तिसऱ्या-चौथ्या नावाला एका बाईनं कानावरचा हात काढला. मागे खुर्चीवर बसलेले दोन म्हातारे पुढचं नाव काय येणार ते एकमेकांना आधीच सांगू लागले. गाणं संपल्यावर आजीनं माझ्याकडे वळून विचारलं, "यो गाना आपलाच हाय ना रं?"

मी म्हणालो, "हो आजी, आपलाच."

पोरांनी ते मोबाइलवरून टाकलं. आजवर चारशेच्या आसपास लोकांनी पाहिलं आहे. धाकटा थोडा हिरमुसला. मी त्याला म्हणालो, माझ्या पहिल्या पुस्तकापेक्षा हे बरंच आहे, ते चारशे लोकांनी नक्की वाचलेलं नाही. आता त्यांना दुसरं गाणं हवं आहे. या वेळी कोणत्या भाषेत, असं त्यांनी विचारलं नाही. त्या गाळ्याला भाडेकरू मिळाला तर वाजवायचं कुठे, एवढीच त्यांना काळजी आहे. मला ती काळजी खरी वाटते. तुमच्यापैकी कुणाकडे आमच्या बाजूला एखादी रिकामी खोली असेल, भिंती जरा जाड असतील, तर ती पोरं शोधत आहेत.



(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)